आषाढातल्या होड्या

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमचा राग आलाय. आजवर तुमची नुसती आठवण आली तरी मी मऊ व्हायचो. समुद्राकडच्या खिडकीशी उभे राहून तुम्ही कविता म्हणायचात, धोतराचा सोगा एका हातात, दुसरा हात हवेत ताल धरलेला, आणि आम्ही सातवीतली पोरं तुमच्या आवाजावर तरंगत असायचो. पुस्तकात ती समुद्राची कविता होती. आषाढातली संध्याकाळ, कोळी गात गात होडी परत आणतोय, जाळी मासळीने भरलेली. मी उभा राहून म्हणालो, "गुरुजी, आषाढात माझा बाप घरीच असतो. दर्या खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात." वर्ग हसला. तुम्ही रागावला नाहीत, तेच वाईट झालं. रागावला असतात तर मी घरी जाऊन बापाला सांगितलं असतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "कवितेला असं विचारायचं नसतं, बाळ. डोळे मिट आणि ऐक." मी डोळे मिटले. तो हात इतका गोड वाटला की ओसरीवर फाटकं जाळं शिवत बसलेला माझा बाप मला खोटा वाटायला लागला आणि पुस्तकातला खरा.

मग मीही त्याच शाळेत मास्तर झालो. तीसेक वर्षं मराठी शिकवलं, त्याच खिडकीशी उभा राहून, तुमच्यासारखाच हात हवेत धरून. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. यंदा ती कविता आठवीच्या पुस्तकात पुन्हा आलीय. मला केवढा आनंद झाला होता! आता शाळेत चिकित्सक विचारांची वेगळी तासिका असते. मुलांनी स्वतःहून प्रश्न विचारले पाहिजेत, असं वरून पत्रक आलंय, आणि ते बघायला शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते. म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी काय केलं असेल? त्या कवितेवरच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून वर्गात वाटल्या. कुणी कितवा प्रश्न स्वतःहून विचारायचा ते ठरलं, उत्तरं फळ्यावरून उतरवून घेतली, आठवडाभर पाठांतर चाललं. माझ्या शेजारची कोळ्याची पोर, तिला चौथी चिठ्ठी आली. कवीला समुद्र आईसारखा का वाटला असेल? साहेबांसमोर ती उठली, चिठ्ठी मुठीत धरली आणि खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, "बाई, त्या बगा होड्या. आषाढ चालू हाय नि सगल्या वर हायेत. मग ह्यो कवितेतला कोली कुटं गेलता?"

साहेब मोठ्याने हसले. "अरे वा! सांगा बाई." बाईंनी घाईघाईने पाचव्या चिठ्ठीच्या पोराला उभं केलं. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, माफीपत्र आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही. पोर म्हणाली, न्हाय लिवनार. चार दिवस ती बाजारात आईच्या सुक्या बोंबलांच्या टोपलीपाशी बसली. पाचव्या दिवशी आई माझ्याकडे आली. "सर, तुमी सांगा तिला. तिचा बाप म्हनतो, शालंत गप बसवत न्हाय तर बाजारात बस, तितं बोलनारीचाच माल खपतो." सांगताना ती हसली आणि लगेच पदराने डोळे पुसले. "त्याचा काय नेम न्हाय सर, नावच काडंल शालंतनं."

मी तावातावाने शाळेत गेलो. बाई माझीच विद्यार्थिनी, तीही कोळीवाड्यातलीच. खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, "अगं, त्या पोरीची चूक काय?" तिने कप माझ्यापुढे सरकवला. "सर, खरं सांगू? मला उत्तर येत नव्हतं. तुमच्या वर्गात मी हेच विचारलं होतं. तुम्ही ही कविता तोंडपाठ म्हणून दाखवलीत ना, त्या दिवशी. आठवतं?" मला आठवत नव्हतं. "तुम्ही म्हणालात, कवितेला असं विचारायचं नसतं. डोळे मिट आणि ऐक." तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती अगदी भक्तीने बोलत होती, जशी मी आयुष्यभर तुमच्याबद्दल बोललो. चहा तसाच ठेवून मी उठलो.

काय बिघडलं असतं गुरुजी? "थांब, तुझा बाप घरी असतो हे खरं, मग कवीने असं का लिहिलं असेल, बघू या," एवढं म्हणायला काय लागत होतं? कविता मेली नसती. कदाचित कवीने समुद्र पाहिलाच नसेल, कदाचित घरी बसलेल्या कोळ्याचं ते स्वप्न असेल. किती बोलता आलं असतं! होड्या समोर होत्या, खिडकी उघडी होती, आणि आपण तिघांनी एकापाठोपाठ एक पोरांना डोळे मिटायला लावले. वर त्याला संस्कार म्हणालो. आता चिठ्ठ्या वाटून त्याला विचार म्हणतात.

त्याच संध्याकाळी मी पोरीच्या घरी गेलो. वही घे, माफीपत्र लिहू म्हटलं. ती म्हणाली, "आजोबा, आषाढात होड्या जातात का?"

"आधी लिही."

"म्हंजे न्हाय जात."

"लिही म्हटलं ना!"

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. वर्गाची शिस्त मोडल्याबद्दल मी दिलगीर आहे. वाक्य माझं, अक्षर तिचं, एकही खाडाखोड नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गात बसली, तिच्या आईने मला बोंबलांची जुडी आणून दिली, आणि मी ती घेतली.

या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. अर्धं वाचून तुम्ही विचाराल, मग तू काय केलंस? ती पोर रोज दप्तर घेऊन माझ्या अंगणावरून जाते. पूर्वी थांबायची, काहीबाही विचारून डोकं खायची. आता सरळ जाते. तिचं बरोबर होतं, एवढं एक वाक्य मी तिला अजून सांगितलेलं नाही.