एकशे अठरा नंबरचं घर

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

आज एका बाईनं मला पुस्तक फेकून मारलं! जाडजूड, आणि स्वतःच लिहिलेलं.

श्रूजबरीच्या या सीनियर होममध्ये मला दोन वर्षं होत आली. गाणी लावा, बिंगो घ्या, वाचून दाखवा — हेच काम. दुसऱ्या मजल्यावर नव्या बाई आल्यात, लेनीर अल्मेदा. ब्राझीलच्या. वय अठ्ठ्याहत्तर. विस्मरणाचा आजार सुरू होऊन वर्ष झालंय. त्यांची मुलगी मारिस्तेला वूस्टरला डेंटिस्ट आहे. ती म्हणाली होती, "आई मोठी कादंबरीकार आहे, पत्रकार आहे, जरा सांभाळून." आणि मी गेले काय घेऊन, तर रंगवायची चित्रं. फुलपाखरं!

"मी चार कादंबऱ्या लिहिल्यात आणि तू मला फुलपाखरं देतेस?"

मग पुस्तक आलं. खांद्याला लागलं.

चूक माझीच होती.

१७ ऑक्टोबर

माफी मागायला गेले. त्यांना भांडण आठवतच नव्हतं. "आधी काय करायचीस?" म्हणाल्या. म्हटलं, नागपूरला पेपरात होते. उपसंपादक, सात वर्षं. "मग सोडलं का?" लग्न, अनीशचा व्हिसा, मग सिया... सांगताना माझं मलाच ते फार पाठ केल्यासारखं वाटलं.

"हं," म्हणाल्या. पण खुर्ची पुढे ओढली माझ्यासाठी.

७ नोव्हेंबर, गुरुवार

रोज थोडं थोडं सांगतात. कधी सलग, कधी नुसते तुकडे. आज दिवस चांगला होता. लिहून ठेवते.

रेसिफे — समुद्रकाठचं शहर. वडील बंदरात क्रेन चालवायचे. विसाव्या वर्षी लेनीरबाई पेपरात लागल्या, बायकांच्या पानावर. कपड्यावरचा डाग कसा काढावा, नवरा चिडला तर काय करावं! स्वतःचं लग्न व्हायचं होतं अजून. तेव्हा तिथे लष्कराचं राज्य. ऑफिसात सेन्सॉरचा माणूस बसायचा, लाल पेन्सिलीनं बातम्या उडवायचा. त्या रिकाम्या जागेत लेनीरबाई भरती-ओहोटीच्या वेळा छापायच्या, मुद्दाम चुकीच्या. वाचकांना बरोबर कळायचं की इथे काहीतरी होतं.

"कोळी मात्र भांडायला यायचे!" केवढ्या हसल्या. मीही हसले. किती दिवसांनी.

पुढे आठ वर्षं वॉशिंग्टनला वार्ताहर, म्हणून इंग्रजी असं फाडफाड. दुसरी कादंबरी अकरा भाषांत गेली. मराठीत नाही. लायब्ररीतून इंग्रजीतली आणली आज.

१९ नोव्हेंबर

ती संपवली, पहिलीही संपवली. दोन्हींत एक माणूस घरातून बाहेर पडतो आणि परत येत नाही. त्यांना म्हटलं, प्रस्तावनेत लिहिलंय की हा माणूस म्हणजे एक प्रतीक आहे.

"प्रतीक नाही," म्हणाल्या. "पत्ता आहे."

म्हणजे काय, विचारलं. भिंतीकडे तोंड केलं. जेवल्या नाहीत.

२ डिसेंबर, सोमवार

आज सांगितलं.

एकोणीसशे बहात्तर. त्या सव्वीस वर्षांच्या. पोलिसांनी उचललं. तीन दिवस कोठडीत. तिथे काय झालं ते त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पत्ता दिला. जोआकिमचा. त्यांच्याच पेपरच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, जिवाभावाचा मित्र. सरकारविरुद्धची पत्रकं लपून छापायचा. दुसऱ्या दिवशी त्याला घरातून नेलं. तो आला नाही. त्याचं प्रेतसुद्धा नाही.

"रुआ दास पेद्रास, एकशे अठरा. हिरवा दरवाजा." मुलीचं नाव हल्ली कधीकधी आठवत नाही त्यांना. हा पत्ता मात्र घडाघडा.

"त्याची बहीण दाल्व्हा. जिवंत असली तर त्याच घरात असेल. तिला मी कधीच सांगितलं नाही. चार पुस्तकं लिहिली आणि हे एवढं एक वाक्य लिहिलं नाही! आता माझी वाक्यंच चाललीत गं. तू लिहून घे."

घरी पोळ्या लाटता लाटता रडू फुटलं. सिया आली. "मॉम, आर यू ओके?" म्हटलं, कांदा चिरला. ओट्यावर कांदा नव्हताच. तिनंही पाहिलं.

४ डिसेंबर

मारिस्तेलाला विचारलं, दाल्व्हाला पत्र पाठवू का. चूक केली? पण मुलगी आहे ती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं, पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "नाही पाठवायचं. आईला काय खरं, काय पुस्तकातलं, हेच कळत नाही आता. आणि खरं असलं तरी त्या म्हाताऱ्या बाईला आता का छळायचं?"

तिचंही चूक नाही.

अनीशला सांगितलं. "नीलू, यात पडू नकोस यार. तिनं कंप्लेंट केली तर जॉब जाईल तुझा."

९ डिसेंबर

बाबा गेले तेव्हा मी नागपूरला गेले नाही. व्हिसाचे कागद अडकलेत, असं सगळ्यांना सांगितलं. आईलाही. खरं तर वकील म्हणाला होता की जाता येईल, फक्त परत यायला त्रास होऊ शकतो. आम्ही तो त्रास नको म्हटलं. दोघांनी, याच टेबलावर बसून.

हे आजवर कुठेच लिहिलं नव्हतं.

आई दर फोनवर म्हणते, "तू तरी काय करणार बाळा, तुझे कागदच नव्हते." आणि मी ऐकून घेते!

१३ डिसेंबर, शुक्रवार

पत्र झालं.

त्या पोर्तुगीजमध्ये बोलल्या, फोननं टाइप करून घेतलं. मोठ्या अक्षरांत प्रिंट काढली. चष्मा लावून बसल्या आणि पेन घेऊन स्वतःचीच तीन विशेषणं उडवली. कालचं जेवण आठवत नाही, पण कुठे जास्त झालंय ते कळतं!

खाली माझा ई-मेल घातला. सही त्यांनी स्वतः केली, पूर्ण नावानं. मीच पोस्टात टाकलं. मारिस्तेलाला सांगितलं नाही.

घाबरले आहे.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. उत्तर नाही. महिना झाला.

लेनीरबाई खूप खालावल्यात. माझं नाव गेलं. पण रोज विचारतात, "पत्र टाकलंस?" मी हो म्हणते. ऐकलं की रोज नव्यानं चेहरा पडतो — "मग आता तिला कळेल!" रोज तेच. आज नाही म्हणून बघितलं. तर ओरडल्या, "भित्री आहेस तू!"

हो म्हटलं तरी रडतात. नाही म्हटलं तरी रडतात. तिळाची वडी दिली, ती मात्र खाल्ली.

२८ जानेवारी

मारिस्तेलाला कळलं. आईनंच सांगितलं असणार.

ओरडली असती तर बरं झालं असतं. पार्किंगमध्ये बर्फात उभी राहून हळूच म्हणाली, "तिच्याकडे थोडेच दिवस उरलेत. ते तिनं हसत काढले असते. तू तिला ती कोठडी परत दिलीस."

"सॉरी" म्हटलं. तिनं गाडी सुरू केली.

मला वाटत होतं की मी लेनीरबाईंसाठी करतेय. आता वाटतं, मी माझ्यासाठी केलं. बाबांचं ओझं माझं, आणि उचलायला लावलं त्यांना.

२९ जानेवारी

कामावर गेले नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दाल्व्हाचा ई-मेल आला. कुणाकडून तरी टाइप करून घेतलेला. फोनवर भाषांतर केलं. चुकलं असेल म्हणून परत केलं. तेच आलं.

"लेनीर, हे तू आम्हाला सत्त्याहत्तर सालीच सांगितलंस. आईच्या पायाशी बसून. आई तासभर बोलली नाही. मग उठली आणि तुला वाढलं. त्यानंतर वॉशिंग्टनला जाईपर्यंत जोआकिमच्या प्रत्येक वाढदिवसाला तू आमच्याकडे जेवलीस. तुझी एवढीशी मारिस्तेला आमच्या आंब्यावर चढायची. विसरलीस का गं?"

मारिस्तेलाला फोन केला, ती क्लिनिक सोडून आली. आम्ही दोघींनी मिळून वाचून दाखवलं. लेनीरबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर डोळे उघडले.

मग म्हणाल्या, "काय वाढलं होतं?"