ताईचा सावलीतला फोटो

रविवार, १२ जानेवारी १९९७. नेरूळ

मागच्या रोलमधले ताईचे सगळे फोटो फुकट गेले. भर दुपारचं ऊन, बारीक झालेले डोळे, आणि गालावरचा भाजल्याचा डाग काळाकुट्ट. तिनं ते फाडूनच टाकले. म्हणून आज संध्याकाळी सारसोळेच्या खाडीवर तिला झाडाच्या सावलीत उभं केलं. डोळे एकदम शांत दिसले. पण डागाची बाजू ती सवयीनं लपवतच होती. मी फोकस जुळवत राहिलो. तिला सांगायला हवं होतं का?

मग तिनंच विचारलं, "सरळ बघितलं तर डाग दिसेल ना रे?"

"दिसेल."

"दिसू दे. काढ."

तिनं केस कानामागे घेतले आणि सरळ बघितलं. मी बटण दाबलं.