गाडी मध्येच का थांबवायचात?

प्रिय बाबा,

जय भीम.

तुमच्यावर माझा संशय होता. खरं सांगू? अजूनही थोडा आहेच. पण खुलासा मागायला तुम्ही राहिला नाहीत, आणि परवा ढोके काका जे सांगून गेले ते एकटीच्या डोक्यात मावत नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही हिंगणघाट–गिरड बसवर ड्रायव्हर होतात तेव्हाची गोष्ट. दुपारच्या फेरीत समुद्रपूर सोडलं की मध्येच कुठेतरी तुम्ही गाडी कडेला लावायचात. ना स्टॉप, ना पंक्चर. प्रवासी ओरडायचे, "ओ डायवर साहेब, काऊन थांबली गाडी?" तुम्ही उतरून बाभळीमागे दिसेनासे व्हायचात. जरा वेळाने तोंड पुसत परत यायचात आणि काही न बोलता गाडी सुरू करायचात. तोंड पुसत! लोकांना तेवढं पुरेसं होतं.

बातमी आईपर्यंत यायला वेळ लागला नाही. तुम्हाला माहीत होतं का, तुमचा खाकी शर्ट धुवायला टाकण्याआधी ती कॉलरपासून खिशापर्यंत हुंगायची? वास यायचा फक्त घामाचा आणि डिझेलचा. त्याने तर तिची शंका आणखीच वाढायची. "मंग दारू नाई, तं कोणी बाई असन." मी तेव्हा दहावीत. तुम्ही नुसते हसलात तरी मला वाटायचं, आज एवढे खूश का?

डेपोत तक्रार गेली तेव्हा "पोट बिघडलं होतं" एवढंच सांगितलंत म्हणे. दरवेळी? नेमकं त्याच फेरीला? बाबा, खोटं तरी नीट बोलायचं!

तुमच्याबरोबर हे सगळं मिटलं असं मी धरून चालले होते. मग दवाखान्यात माझ्याच वॉर्डात एक गोष्ट घडली.

स्टाफ कमी, म्हणून मी एका ड्यूटीला लागून दुसरी करत होते. कोणी "सिस्टर, जरा बसा ना" म्हटलं की वाटायचं, हिच्या मनात काय आहे? माझी जागा हवीय का हिला? त्या सकाळी इंजेक्शन भरायला घेतलं आणि बाटलीवरचं नाव वाचता येईना. अक्षरं दिसत होती, पण डोक्यात शिरत नव्हती. पलंगावरची म्हातारी हात पुढे करून बसलेली, "टोच ना माय, कायले थांबली?" मी ट्रे खाली ठेवला. सोबतच्या सिस्टरला म्हटलं, "तू घे, मला जमत नाही," आणि जिन्यात जाऊन डोळे मिटून बसले.

इन्चार्ज मॅडम मागोमाग आल्या. "कोणाचा फोन होता?"

"कोणाचाच नाही."

"मग घरी काही भानगड?"

"नाही मॅडम."

त्यांना पटलं नाही. तेव्हा पहिल्यांदा तुमची ती मध्येच थांबलेली गाडी आठवली, बाबा.

परवा ढोके काका, तुमचे कंडक्टर, काकूंना दाखवायला दवाखान्यात आले. मी सरळच विचारलं, "काका, बाबा गाडी थांबवून कुठे जायचे?"

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. अजूनही!

"झोपाले जाये," ते म्हणाले. "वावराच्या धुऱ्यावर आडवा होये, मंग तोंड धुये. एकडाव चालत्या गाडीत त्याचा डोया लागला होता. गाडी पार कच्च्यात उतरली. लोकाइले वाटलं, समोरच्या टरकाले साइड देल्ली. पन मी त्याच्याकडे पाह्यत होतो. तवापासून डोये जड झाले का तो थांबेच."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"डायवरले झोप येते म्हनलं, तं गाडी कोन देईन त्याच्या हातात?"

मला लगेच पटलं असं समजू नका. कंडक्टर ड्रायव्हरचीच बाजू घेणार. मी दारूचं विचारलं, तेव्हा काका भडकलेच. "पेला असता तं मी त्याच्या गाडीत बसलो असतो का वं? मले बी लेकरं होती!"

घरी येऊन आईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. "ढोके त्यायचा दोस्त. तो तं तसंच सांगन." मग हातातली शेंग तशीच ठेवून एकदम म्हणाली, "मले काऊन नाई सांगतलं त्यायनं? मी का डेपोत सांगाले गेली असती?" आणि पदर डोळ्यांना लावला.

याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतं, बाबा. झोपच होती ना? मग लाज कशाची वाटली? आम्ही तुमच्यावर नाही नाही ते आळ घेतले, आणि तुम्ही घेऊ दिलेत!

आज मी मॅडमकडे गेले. म्हटलं, "त्या दिवशी मी थकले होते. तशीच रेटत राहिले असते तर चुकीचं औषध गेलं असतं." त्यांनी विचारलं, "एवढंच?" "एवढंच." त्यांनी मला सुट्टी दिली. त्यामागे काही डाव असेल का, ते मी अजून तपासतेय. काय करू, आईच्या वळणावर गेलेय!

पण एक शब्द देते. डोकं चालेनासं झालं की मी थांबेन, आणि लपून नाही. कोणी विचारलं तर थकले म्हणून सांगेन. आणि सगळ्यांच्या आधी आईला सांगेन.

तुमची संशयी लेक,
प्रज्ञा