देवापुढे ठेवायला कागद

मंगळवार, १४ नोव्हेंबर २०१७, कॅल्गरी

आज कापूर आला, तीन डॉलर. मनिलाहून आमच्या नंदूचा फोनही आला. सरकारी दाखले घरबसल्या मोबाइलवर मिळतात, हे तिकडे गावोगाव सांगायचं त्याचं काम. बायका माना डोलावतात नि पुन्हा कचेरीत रांग लावतात.

"असंच चाललं तर काम बंद होईल, आई."

"तुझा इथल्या सिटिझनशिपचा कागद मी हळदकुंकू लावून देवापुढे ठेवला. मोबाइलवर आला असता तर काय ठेवलं असतं?"

"तो कुंकवाचा डाग पासपोर्टवाल्यांना समजावताना घाम फुटला मला!"

हसला नि लगेच फोन ठेवला. उगाच बोलले का मी? आवाज किती दमलेला होता. पण त्या बायकांच्याही घरी देव असेलच ना? उद्या पत्रात लिहिते: बाबा रे, दाखल्याची छापील प्रत हातात देऊन बघ, आणि तुझं काम टिकलं का ते उलट टपाली कळव.