सुपातला फोन

१४ सप्टेंबर
"विडी वळणाऱ्या बायांनो, तुमचं आपसातलं बोलणं संध्याकाळच्या आत मॅनेजरच्या टेबलावर पोचतंय!" – उद्याच्या सभेची सुरुवात हीच.

शरणम्मानं युनियनच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला, की खराब म्हणून मजुरी न देता काढलेल्या विड्या, म्हणजे आमची छाट, कारखाना मोडत नाही, बांधून विकतो. दुसऱ्याच दिवशी तिला विड्यांसाठी मिळणारं पान बंद! पान नाही म्हणजे काम नाही. ग्रुपात सगळ्या आपल्याच. मग फोडलं कुणी?

२३ला कामगार कार्यालयात सुनावणी. साक्षीला पूनम तयार आहे. तिचं नाव आधी फुटलं तर तिचंही पान जाणार.

१६ सप्टेंबर
माझी भाची महेश्वरी पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवते. म्हणाली, "आत्या, भाषणं पुरेत. आपला स्वतःचा सर्व्हर टाका."

युनियनच्या ऑफिसातला धूळ खाणारा कॉम्प्युटर पुसला. इन्व्हर्टरला जोडला. दिवसभर तिला प्रश्न विचारून हैराण केलं – निरोप वाटेत कुठे थांबतो? कुलूप कोण लावतं? म्हणे, प्रत्येक फोन आपली किल्ली आपणच घडवतो. सर्व्हरला आत काय आहे ते कळतच नाही.

"म्हणजे तुलाही वाचता येणार नाही?"
"नाही. आणि तुम्हालाही नाही!"

पोस्टमनलाच न वाचता येणारं टपाल! इतके ग्रंथ वाचले, पण अशी कल्पना कुठे भेटली नव्हती.

१७ सप्टेंबर
आज फोन जुळवले. दोन्ही फोनवर तीच चित्रं तशाच क्रमानं दिसली, तर समोरची खरी. मांजर, छत्री, टोपी, किल्ली... शरणम्मा हसून लोळायची बाकी. "अक्का, पत्रिका जुळवायलाव की! गुण किती आले?"

बऱ्याच जणींना वाचता येत नाही. म्हणून मी बोलूनच निरोप पाठवते. सगळ्यांना गेलेला पहिला निरोप – "पूनम, २३ला न घाबरता बोल! आम्ही पाठीशी आहोत!" छान जमला. स्वतःच तीनदा ऐकला.

१९ सप्टेंबर
पूनमचं पान बंद!! कारखान्यात छाट काढणाऱ्या चेकरनं माझंच वाक्य तिला ऐकवलं – "न घाबरता बोल की आता."
तिच्या नवऱ्याचा फोन – "ती येनार न्हाय."

महेश्वरीनं सर्व्हर उलटासुलटा तपासला. कुणी शिरलेलं नाही. मग भिंतींना कान फुटले की काय?

२० सप्टेंबर
कळलं!

शरणम्माच्या गल्लीत गेले. काम गेलं तरी ती शेजारणींत बसून त्यांची पानं कातरून देते. सगळ्या ओळीनं बसलेल्या, मांडीवर सूप, बोटांना तंबाखू. फोन धरायला हात कुणाचा मोकळा? तो सुपातच, पानांवर उताणा. आवाज पूर्ण मोठा. माझंच भाषण चाललेलं! कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मान डोलवत होता.

"अगं, हे गुपित आहे ना?"
"मग? गुपित हाय म्हनून तर सगळ्या मिळून ऐकतो. तुमचा आवाज लागला की हात लई पळतो, अक्का!"

ओळीत शेवटी गौरम्मा. चेकरची आई. तीही विड्या वळते. माझ्याकडे न बघता उठून आत गेली.

कुलूप इतकं पक्कं, आणि दार आम्हीच उघडं टाकलेलं. मीसुद्धा – लिहून जमलं असतं तिथंही मला बोलायचंच होतं.

२१ सप्टेंबर
सकाळी गौरम्मा दारात. चहा नको म्हणाली.

"पूनमचं नाव माज्याच तोंडून गेलं. पोराला वाढताना बोलले. त्यो उटून बाहेर गेला, तवा उमगलं." उंबऱ्यावरच बसली. "माजी बी छाट त्योच काढतो, अक्का. पोटचा हाय म्हनून काय झालं? २३ला मी बोलते. माजं नाव सांगा सगळ्यास्नी."

तिचा फोन जुळवला. चित्रं तंतोतंत.

आत्ताच निरोप पाठवला – "बायांनो, गौरम्मा साक्ष देणार! उद्या छाट निघाली की जागच्या हलू नका. एकच म्हणा – आमच्या डोळ्यांसमोर मोडा! आणि हे ऐकताना फोनचा आवाज पूर्ण मोठा ठेवा."