पाहुणे धुक्यात कलाबाईकडे वळले त्याची हकीकत

कारधा, दुपार (ऊन आत्ता निघालं)

चंद्रभागे, तुले मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? घरच्यांचा खोकला गेला का? मायं सगळं ठीक आहे, दात सोडून. फोनच केला असता, पण तुयी सून फोन स्पीकरवर लावते अन् अर्धी पवनी ऐकते. म्हणून ह्या तिसरी पास बाईनं लिहाले घेतलं. नीट वाच, बोटं दुखून राहिली.

बातमी मोठी आहे. धुकं आपल्या वैनगंगेतून निघत नाही! जनमभर मी तेच समजत होती, का नदी वाफ सोडते अन् आपल्या वावरातली लाखोरीची डाळ झाकून जाते. तसं नाही व. ते लय दुरून ठरते. इराणच्याही पलीकडं एक समुद्र आहे, तिकडून हवेचा भवरा निघते, काश्मिरात बर्फ टाकते. त्याचं शेपूट इकडं आलं अन् बंगालच्या खाडीची ओल त्याले भेटली, का आपल्याकडं बुरबुर पाऊस. (तुया मुगवड्या भिजल्या तो तोच. मले वाटलं होतं, तूच उचलाले विसरली.) मंग भवरा पुढं निघून जाते, आभाळ साफ होते, वारा थांबते अन् वरची जड हवा खाली बसते, पितळी गंजावर झाकण ठेवावं तशी. रात्री जमीन थंडी पडली का ओली हवा त्या झाकणाखालीच अडकते. तेच धुकं. नदी फक्त पाणी देते, हुकूम वरून येते.

हे मले कोणं शिकवलं ते ऐक. माया नातीले, मोनाले, पाहाले काल नागपूरचे पाहुणे येणार होते. पोट्टा प्रितम, शेतकऱ्यायले मोबाईलवर हवामान सांगणाऱ्या कंपनीत आहे. त्याचा बाप घनश्यामराव, मुहूर्तावर जीव टाकणारा माणूस. मध्यस्थ खुशाल, तुया घरामागचा. घनश्यामरावानं मुहूर्त काढला तो भल्या सकाळचा. धुकं असं का अंगणातली तुळस दिसत नव्हती. पोहे झाले, थंडे झाले, परत गरम झाले. लेक पाहुण्यायले शोधाले रस्त्यावर गेला, तर मंग लेकाले आम्हीच शोधत होतो.

तवा भिंतीपलीकडून, कलाबाईच्या ओसरीतून, अनोळखी गळा ऐकू आला. पाहुणे धुक्यात एक फाटक अगोदरच वळले होते. कलाबाईनं काय केलं? घर चुकलं हे न सांगता त्यायच्या पायावर पाणी घातलं. अन् तुले माहीतच आहे, एकदा एखाद्या घरी पाय धुतले, का तिथं खाल्ल्याबिगर पाहुण्याले उठता येत नाही. कोणाचे पाहुणे आहेत ते तिले चांगलं ठाऊक होतं. (तिची रिता लग्नाची आहे. पोट्टी गुणाची आहे, आईवर गेली नाही.) पोहे देल्ले, चहा देल्ला, ट्रे घेऊन रितालेच पाठवलं.

मी तवाच जाऊन त्यायले आणाले पाहिजे होतं. पण तो पोट्टा तिथं रिताले धुकंच समजावून सांगत होता, अन् चंद्रभागे, इतकं नवल मी जिंदगीत ऐकलं नव्हतं. इराण येईपर्यंत मी भिंतीले कान लावून उभी. काश्मीर आलं तवा सून मले बोलवाले आली, तेही उभीच राहिली. झाकण बसत होतं तवा मोना साडी सावरत आली अन् म्हणे, आजी, तिकडं त्यायचे दुसऱ्यांदा पोहे चालू झाले. तवा मी कलाबाईच्या फाटकात गेली. म्हटलं, "धुकं समजलं बाप्पा. आता चला, घर दाखवते."

आमच्याकडं परत पाय धुतले, म्हणजे परत खाणं आलं. घनश्यामरावाले त्या थंडीत घाम फुटला. मोनानं पोट्ट्याले एकच विचारलं, "धुकं पडणार हे तुमाले माहीत होतं ना? मंग निघाले कायले?"

तो म्हणे, "अंदाज माझा होता, मुहूर्त बाबांचा."

पोट्टी हसली. मले तवाच वाटलं, जमलं.

लहानमोठ्यायले आशीर्वाद.

तुयी बहीण,
मंदा

ता.क. जमलं का नाही, ते खरं म्हणजे माहीत नाही. आज सकाळी घनश्यामरावानं खुशालले फोन केला का पोरगी पसंत आहे. कोणती, हे त्या बावळटानं विचारलं नाही अन् दोन्ही घरी निरोप देऊन मोकळा झाला. आपण होऊन नागपूरले विचारणं पोरीवाल्यायले शोभत नाही. उषाबाई दुपारच्या एसटीनं पवनीले येऊन राहिली, तिच्या हाती हे पत्र देते. वाचलं का खुशालकडं जा, त्याच्याकडून नीट नाव काढून घे, अन् परवा सकाळच्या गाडीनं येऊन सांग.

आणखी ता.क. पाकीट चिकटवत होती तर मोना म्हणे, मावशीआजीले लिही, परवा पवनीलेही दहा वाजेपर्यंत धुकं आहे, सकाळची गाडी धरू नको म्हणा. तुले कोणं सांगितलं म्हटलं, तर मोबाईल पाठीमागं लपवला. तवा खुशालकडं जाऊ नको. दुपारच्या गाडीनं ये. कलाबाईले मी उद्या सांगीन. आज तिनं गल्लीत वाटाले पेढे मागवले आहेत, ते घरोघरी येऊन जाऊ दे.