बाबांच्या यंत्राचा दांडा

आई,

सिंकमध्ये पाणी सोडू नकोस. खालचा पांढरा पाईप मी काढून नेलाय, संध्याकाळी परत बसवते. आणि बाबांची कुबडी शोधू नकोस. हॉस्पिटलला परत द्यायची होती, ठाऊक आहे. पण त्यांनी बनवायला घेतलेल्या नव्या मेटल डिटेक्टरला दांडाच नव्हता, आणि कुबडीला कोपराचा आधार आयताच होता. मी ती कापली. माफ कर, हॉस्पिटलला फोन मी करेन.

बिस्किटांच्या डब्यातला सर्किट बोर्ड त्यांनी पुरा केला होता. एकच तार सुटली होती, तिला मी सोल्डरिंगचा डाग दिला. काल धातू हुडकणारी कॉइल थेट कुबडीच्या धातूच्या नळीला बांधली, तर यंत्र ओरडायचं थांबेचना. बाबा असते तर म्हणाले असते, "अगं शहाणे, ते स्वतःचाच पाय शोधतंय!" खालचा भाग प्लास्टिकचाच लागतो, म्हणून तुझा पाईप.

चर्चमागच्या शेतात शेतमालक थर्टल उद्या गहू पेरणार आहेत. म्हणाले, "आजचा दिवस रान तुझं. खड्डे मात्र बुजव, तुझा बाप बुजवायचा तसे." बाबांसारखीच जमिनीतली जुनी नाणी शोधायला मी तिथेच आहे.

अंत्यविधीनंतर तू फाटकाबाहेर पडली नाहीस. मी आग्रह केला नाही. आज करते.

सिंकजवळच्या बशीत महिनाभर तुझी अंगठी पडून आहे. ती घालून ये. शेतात जाण्याआधी बाबा जुनं यंत्र दरवेळी तुझ्या हातातल्या अंगठीवर वाजवून बघायचे. तुझा हात येईपर्यंत मी पहिला खड्डा खणणार नाही.

थर्मासमध्ये चहा घेतलाय, दोघींपुरता.

हेझल